पोस्ट-टेस्टचे मार्क वाढले, पुढे काय?



विषय शोधणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. "मेंटल हेल्थ नर्सिंग मुलींना जड जातं. त्याचा अभ्यास कसा करावा, कुठली पद्धत चांगली, यावर संशोधन करता येईल का?" करता येईल की! विषय चांगलाच आहे. पण आपल्याकडे तो ज्या साच्यात घातला जातो त्या साच्याबद्दल माझी तक्रार आहे आणि आजचा लेख त्या तक्रारीचाच आहे. प्रपोजल लिहायला बसण्याआधी वाचलात तर बरं.

साचा तुमच्या ओळखीचा असणार. कॉलेजच्या ग्रंथालयातलं प्रबंधांचं कपाट उघडा, "परिणामकारकता अभ्यासणे" हे शब्द एकामागून एक दिसत जातात. कुणाकडे बोट दाखवायचं नाही, म्हणून नमुना मीच बनवतो, आकडेही माझेच. शीर्षक: "निवडक नर्सिंग महाविद्यालयांतील विद्यार्थिनींच्या मेंटल स्टेटस एक्झामिनेशनविषयक ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता". ६० विद्यार्थिनी, एकच गट. सोमवारी ३० बहुपर्यायी प्रश्नांची प्री-टेस्ट. त्याच दिवशी पाऊण तासाचा कार्यक्रम, पीपीटी आणि फ्लॅश कार्डसकट. पुढच्या सोमवारी त्याच ३० प्रश्नांची पोस्ट-टेस्ट. सरासरी १२ वरून २१. पेअर्ड टी-टेस्ट लावली, पी ०.०५ पेक्षा कमी. निष्कर्ष: कार्यक्रम परिणामकारक आहे.

यात खोटं काही नाही. मार्क खरंच वाढले. ते कशामुळे वाढले आणि वाढलेल्या मार्कांचा अर्थ काय, एवढंच कुणी विचारत नाही.

आधी "कशामुळे" बघू. इथे एक गंमत आहे, जी मला अजून कुठल्या व्हायव्हात विचारलेली दिसली नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले, एक सूर्याबद्दल, एक समुद्री ऊदमांजराबद्दल. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला. दुसरा पुन्हा न वाचता आठवेल तेवढा कागदावर लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण एका आठवड्यानंतर चित्र उलटलं. पुन्हा वाचलेला ४२ टक्क्यांवर आला, आठवून लिहिलेला ५६ वर राहिला. म्हणजे परीक्षा देणं हे फक्त मोजमाप नसतं, ती स्वतःच अभ्यासाची एक पद्धत आहे. याला टेस्टिंग इफेक्ट म्हणतात.

आता तुमचं रिसर्च मेथडॉलॉजीचं पुस्तक उघडा. कॅम्पबेल आणि स्टॅन्ले यांनी १९६३ मध्ये प्रयोगाच्या वैधतेला असलेल्या धोक्यांची यादी केली. त्यात एका धोक्याचं नाव "टेस्टिंग" असंच आहे. पहिली चाचणी दिल्यामुळेच दुसरीत मार्क वाढतात, हा तो धोका. एकाच गटावर प्री-टेस्ट आणि पोस्ट-टेस्ट करण्याच्या डिझाइनला तो थेट लागू होतो, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय.

म्हणजे एकच गोष्ट शिक्षणाच्या मानसशास्त्रात औषध आहे आणि मेथडॉलॉजीत भेसळ! आपल्या नमुन्यातल्या मुलींनी सोमवारी ३० प्रश्न पाहिले. मग हॉस्टेलवर "अगं, तो डिल्युजनवाला तू काय टिक केलास?" ही चर्चा झाली, वर्गात त्या ३० गोष्टी आल्या तेव्हा कान टवकारले गेले. शिवाय त्याच आठवड्यात नेहमीचे तास होतेच. मार्क वाढण्याचं श्रेय पीपीटीला किती, फ्लॅश कार्डांना किती, प्री-टेस्टला किती आणि हॉस्टेलच्या गप्पांना किती, हे या डिझाइनमधून कधीच कळणार नाही. अभ्यासाच्या पद्धतीवरच संशोधन करणाऱ्याने हे नजरेआड करणं जरा जास्तच खटकतं, कारण त्याच्या प्री-टेस्टमध्ये एक अभ्यासाची पद्धत आयतीच दडलेली आहे.

उपाय अवघड नाही. दोन गट करा, चिठ्ठ्या टाकून वाटणी करा आणि प्री-टेस्ट सरळ गाळून टाका. रँडम वाटणी नीट झाली असेल तर फक्त पोस्ट-टेस्ट पुरते. प्री-टेस्टचा परिणामच मोजायचा असेल तर सोलोमनचं चार गटांचं डिझाइन आहे, पण ६० जणींत चार गट म्हणजे प्रत्येकी १५. तिथे मी तरी जाणार नाही.

जाता जाता त्या काय-स्क्वेअरच्या तक्त्याबद्दलही बोलतो. ज्ञानाचे गुण आणि वय, धर्म, कुटुंबाचा प्रकार, वडिलांचा व्यवसाय यांचा "संबंध" तपासायचा, हा तक्ता जवळजवळ प्रत्येक प्रबंधात असतो. एकत्र कुटुंबातली मुलगी एम.एस.ई. जास्त चांगलं शिकेल असं कुठल्या सिद्धांतावरून वाटलं, ते लिहिलेलं नसतं. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या अशा दहा चाचण्या ०.०५ च्या पातळीवर केल्या, तर प्रत्यक्षात काहीही संबंध नसताना निदान एक तरी "लक्षणीय" निघण्याची शक्यता साधारण ४० टक्के असते. ०.९५ चा दहावा घात काढा आणि एकातून वजा करा, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. मग त्या एका योगायोगावर चर्चेच्या प्रकरणात दोन परिच्छेद येतात.

पण हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. माझी खरी तक्रार पुढे आहे. "परिणामकारक" म्हणजे नेमकं कशासाठी परिणामकारक?

अभ्यासाच्या पद्धतींबद्दल बोलताना सगळेजण डनलॉस्की आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या आढाव्याचा दाखला देतात. द्यायलाच हवा, काम भक्कम आहे. त्यांनी दहा पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं या दोन पद्धतींना वरची श्रेणी दिली. स्वतःला "का?" विचारणं, स्वतःला समजावून सांगणं आणि विषयांची सरमिसळ करून सराव करणं यांना मधली. सारांश काढणं, हायलायटर मारणं, पुन्हा पुन्हा वाचणं वगैरे खाली गेलं. आपल्या मुलींचा परीक्षेआधीचा आठवडा आठवा, सगळा कारभार खालच्या श्रेणीतलाच असतो.

तरीही हा आढावा मेंटल हेल्थ नर्सिंगला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. त्यातल्या पुराव्याचा मोठा भाग शब्दांच्या जोड्या, उतारे, व्याख्या, गणितं अशा सामग्रीवरचा आहे. लेखकांनीही पद्धत कुठल्या सामग्रीवर आणि कुठल्या कामासाठी तपासली ते प्रत्येक ठिकाणी वेगळं मांडलंय. पण आपण पोस्टर बनवताना फक्त श्रेणी उचलतो.

या विषयात दोन अगदी वेगळ्या जातीचं शिकणं आहे. एक पाठ असण्याचं. लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर, १.५ च्या पुढे विषबाधेची काळजी, रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं. इथे आठवलंच पाहिजे. रात्रपाळीत हात थरथरणारा, जुलाब होणारा रुग्ण समोर असताना पुस्तक उघडायला वेळ नसतो. या भागाला फ्लॅश कार्ड, विभागून सराव, स्वतःची चाचणी हे सगळं चपखल बसतं. बिनधास्त वापरा.

फक्त एक सावधगिरी. या पद्धती दिलेलं पक्कं करतात, मग ते बरोबर असो की जुनं. सिनियरच्या नोट्समध्ये १९८७ चा मेंटल हेल्थ ॲक्ट असेल तर तोच पक्का होईल. २०१७ चा मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं. वॉर्डात त्या रुग्णाशी कसं बोलायचं, हे यावर ठरतं.

दुसऱ्या जातीचं शिकणं म्हणजे बघण्याचं आणि बोलण्याचं. हॅल्युसिनेशनची व्याख्या पाठ असणं आणि कोपऱ्यात बसून ओठ हलवणारा माणस काही ऐकतोय का हे ओळखून त्याला विचारता येणं, यात बरंच अंतर आहे. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला: ठाऊक आहे, कसं करायचं ते ठाऊक आहे, करून दाखवता येतं, प्रत्यक्ष कामात करते. आपला ३० प्रश्नांचा कागद पहिल्या पायरीवर उभा असतो, फार तर दुसरीला हात लावतो. निष्कर्षाच्या प्रकरणात मात्र आपण चौथीवर पोहोचल्यासारखं लिहितो, "यामुळे रुग्णसेवेचा दर्जा सुधारेल" वगैरे.

आता म्हणाल, पहिली पायरी पक्की झाली की पुढचं आपोआप येईल. येतं का? मॉरिस, ब्रॅन्सफर्ड आणि फ्रँक्स यांचा १९७७ चा प्रयोग इथे वाचण्यासारखा आहे. शब्दाच्या अर्थावर लक्ष देऊन शिकलं की सर्वसाधारणपणे जास्त लक्षात राहतं. पण परीक्षाच यमकांची असेल तर शिकताना यमकांवर लक्ष देणारे पुढे जातात. थोडक्यात, शिकताना डोक्याने जे केलं तेच परीक्षेत करायला लागलं तर फायदा. स्वतःची चाचणी घेऊन केलेला अभ्यास नव्या परिस्थितीत कितपत कामी येतो, यावर पॅन आणि रिकार्ड यांचं २०१८ चं मेटा-ॲनालिसिस आहे. सरासरी परिणाम ०.४० निघाला. म्हणजे फायदा होतो, पण सगळीकडे सारखा नाही. सरावात दिलेलं उत्तर आणि पुढे लागणारं उत्तर एकच असेल तिथे जास्त.

हे आपल्या वॉर्डात आणून बघू. थेरप्युटिक कम्युनिकेशनची जी यादी सगळ्या पुस्तकांत असते, रिस्टेटिंग, रिफ्लेक्टिंग, ब्रॉड ओपनिंग, सायलेन्स, ती १९६३ च्या हेज आणि लार्सन यांच्या कामातून आलेली. मुली ती इंग्रजीत पाठ करतात. फ्लॅश कार्डावर एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला व्याख्या. आणि मग पोस्टिंगला जातात. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, चारपैकी कुठल्याही प्रादेशिक मनोरुग्णालयात गेल्या तरी समोरच्या मावशी काही व्याख्या विचारत नाहीत. संवाद असा होतो:

"मावशी, जेवलात का?"

"जेवून तरी काय करायचंय आता."

"असं नाही बोलायचं मावशी. जेवून घ्या बघू, लवकर बऱ्या व्हाल."

मुलगी मायेनेच बोलली. घरी आजीशी आपण असंच बोलतो. पण पुस्तकाच्या भाषेत हे खोटं आश्वासन आणि वर थोडी नापसंती. मावशींनी एक दार किलकिलं केलं होतं, ते तिने प्रेमाने लावून टाकलं. रिस्टेटिंग करायचं तर मराठीत ते साधारण असं होईल: "आता जेवून काय उपयोग, असं वाटतंय?" आणि मग गप्प बसायचं. मावशी बोलल्या तर पुढचा प्रश्न: "जगावंसंच वाटत नाही, असं होतं का कधी?" हा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. विचारलं तर त्यांच्या डोक्यात नसलेलं येईल, ही भीती असते. डॅझी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये यावरचे अभ्यास तपासले तेव्हा विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार लक्षणीय वाढल्याचं आढळलं नाही. ही माहिती मुलीला पाठ असू शकते, "सांगा: खरं की खोटं" मध्ये ती "खोटं" वर टिकही करेल, आणि तरी मावशींसमोर तिच्या तोंडून प्रश्न निघणार नाही. कारण तो प्रश्न तिने मराठीत मोठ्याने कधी म्हणूनच बघितलेला नसतो.

गंमत म्हणजे यासाठीची पद्धत अभ्यासक्रमात आधीपासून आहे. प्रोसेस रेकॉर्डिंग. ही कल्पना हिल्डगार्ड पेप्लाऊ यांच्या परंपरेतली. त्यांचं परस्परसंबंधांवरचं पुस्तक १९५२ चं. रुग्णाशी झालेला संवाद शब्दशः लिहायचा, शेजारच्या रकान्यात आपला अर्थ, त्याच्या शेजारी कुठलं तंत्र वापरलं ते. डनलॉस्कींच्या यादीत बघाल तर हे स्वतःला समजावून सांगण्याच्या जवळ जातं, आणि त्यात आठवून लिहिणंही आलं. म्हणजे कागदावर उत्तम पद्धत.

आणि प्रत्यक्षात? पोस्टिंग केलेल्या कुणालाही खासगीत विचारा. जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री पूर्ण होतं. संवाद सिनियरच्या वहीतून उतरतो. खेड्यातून आलेला रुग्ण शुद्ध इंग्रजीत "आय ॲम फीलिंग सॅड" म्हणतो, विद्यार्थिनी लगेच "टेल मी मोअर अबाउट इट" म्हणते, आणि तंत्राच्या रकान्यात "एक्सप्लोरिंग" असं नीटनेटकं लिहिलं जातं. "असं नाही बोलायचं मावशी" हे वाक्य कुठल्याही वहीत सापडणार नाही, कारण त्याला मार्क नाहीत. ज्या वाक्यातून शिकता आलं असतं तेच वहीबाहेर राहतं. मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. चुकलेला संवाद जसाच्या तसा लिहिला तर मार्क कापले जाणार असतील, तर त्यांच्या जागी कुणीही हेच करेल.

संशोधनाचा विषय मला इथे दिसतो. प्रोसेस रेकॉर्डिंग रुग्णाच्याच भाषेत, चुकांसकट लिहू दिलं, त्यावर मार्क न देता चर्चा केली, आणि "आता मावशींना काय म्हणशील?" हे मोठ्याने म्हणायला लावलं, आठवड्याआड, चार वेळा, तर मुली जास्त चांगलं बोलू लागतात का? तुलनेचा गट नेहमीच्या पद्धतीने जर्नल लिहिणारा.

वेगवेगळे आजार ओळखण्याबाबतही असाच विषय आहे, तो थोडक्यात सांगतो. आपण युनिटप्रमाणे शिकवतो, आधी सगळा स्किझोफ्रेनिया, मग सगळं मूड डिसऑर्डर. वॉर्डात मात्र डिलिरियम, डिमेन्शिया आणि म्हातारपणचं डिप्रेशन शेजारशेजारच्या कॉटवर असतात. कॉर्नेल आणि ब्यॉर्क यांनी २००८ मध्ये चित्रकारांच्या शैली ओळखायला शिकवून दाखवलं, की चित्रांची सरमिसळ करून शिकलेले लोक नवीन चित्र जास्त बरोबर ओळखतात. आणि तरीही त्यातल्या बहुतेकांना वाटत होतं की एकेका चित्रकाराची चित्रं सलग बघणंच चांगलं. म्हणून "विद्यार्थिनींना कुठली पद्धत आवडली" ही पाच गुणांची मतावली परिणाम म्हणून वापरू नका. आवडणं आणि शिकणं वेगळं आहे. त्याच कारणाने "कोण व्हिज्युअल लर्नर, कोण ऑडिटरी" यावर वर्ष घालवू नका. शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो हे दाखवणारा पुरेसा पुरावा नाही, हे पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच सांगितलंय.

साच्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. दोन वर्षांत कोर्सवर्क, क्लिनिकल पोस्टिंग आणि प्रबंध बसवायचा असतो. गाइडना ठरलेलं स्वरूप हवं असतं. ३० प्रश्नांचा कागद तज्ज्ञांकडून तपासून घेता येतो, त्याची विश्वासार्हता काढता येते, एका दुपारी ६० जणींकडून भरून घेता येतो. संवाद मोजायचा म्हणजे डोकेदुखी. पण दोन वर्षांत न होण्याइतकी ती मोठी नाही. खऱ्या रुग्णांवर परीक्षा नको; एथिक्स कमिटी अडवेल आणि बरोबरच अडवेल. रुग्णाची भूमिका करणारी दोन माणसं घ्या, आठ मिनिटांची एक ठरलेली गोष्ट द्या, त्यात "जेवून काय करायचंय" सारखी तीन वाक्यं पेरून ठेवा. विद्यार्थिनीने त्या तीन ठिकाणी काय म्हटलं, एवढंच रेकॉर्डिंग ऐकून मोजा: दार उघडलं, लावलं, की लक्षातच आलं नाही. आत्महत्येबद्दल थेट विचारलं का, हो किंवा नाही. मोजणाऱ्या दोघींना कोण कुठल्या गटातली ते माहीत नको, आणि दोघींचं किती जुळतं त्याचा कापा काढा. मोजमाप सात दिवसांनी नको, सहा आठवड्यांनी घ्या. रोडिगर-कार्पिकींच्या प्रयोगात पाच मिनिटांनी निघालेलं उत्तर आठवड्याने उलटलं होतं, हे विसरू नका. ३० प्रश्नांचा कागदही सोबत ठेवा हवं तर. कागदावरचे मार्क आणि संवादातली कामगिरी यांचा एकमेकांशी कितपत मेळ बसतो, हे तरी दिसेल.

भूमिका करणारी माणसं कॉलेजच्या गावचीच शोधा. विदर्भातल्या कॉलेजला पुणेरी मावशी नेल्या तर मुली त्यांच्याशी आपोआप परीक्षेच्या मराठीत बोलू लागतात. आणि गोष्ट बसवताना त्या माणसांना एक गोष्ट बजावून सांगा: मुलगी अडखळली तर तिला सांभाळून घ्यायचं नाही, गप्प राहायचं. हौशी नटांना हेच सर्वांत कठीण जातं, त्यामुळे पायलटसाठी निदान दोन आठवडे वेगळे काढा.